पीळ, डाख की क्रिंप?

गाडीतली वीज : लेखांक ६

मागच्या भागात फॉग लॅम्पसाठी रिले आणि फ्यूज कुठे बसवायचा ते पाहिलं. आता वायरीला वायर जोडायची आहे. बऱ्याच गॅरेजांत हे काम दोन मिनिटांचं असतं. टोकं दातांनी सोलायची, एकमेकांत पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची. दिवे लागतात, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं.

असा जॉइंट घरातही चुकीचाच, पण गाडीत तो जास्त महागात पडतो, कारण गाडीत व्होल्टेज कमी आणि करंट जास्त. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. तेवढ्याच वॅटच्या घरच्या दिव्याला २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर पुरतो. सैल जॉइंटचा रोध ०.१ ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, एवढी उष्णता तिथे तयार होते. घरात ती वॅटच्या चाळिसाव्या भागाइतकीही भरत नाही. गाडीत ८ वॅट! टेपच्या आत, बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेत. शिवाय जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च झाल्यामुळे दिवा मिणमिणतो तो वेगळाच.

‘पण फ्यूज आहे ना?’ आहे, पण तो फक्त जादा करंट ओळखतो. जॉइंटचा रोध वाढला की करंट उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे वायरचं आवरण वितळून काळं पडलेलं असतं आणि फ्यूज शाबूत असतो.

पीळ सैल होतो तो गाडीच्या थरथरीने. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते, पाणी आत शिरतं आणि बारीक तारांच्या फटींतून आवरणाखाली पुढे सरकत जातं. तांब्याच्या भांड्याला चढावा तसा कळंक प्रत्येक तारेवर चढतो. कोकणात, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, हे आणखी लवकर होतं.

मग डाख द्यावा का? डाख देणाऱ्याचा हात चांगला असेल तर जॉइंट विजेसाठी उत्तम होतो. पण वितळलेला डाख आवरणाखालच्या तारांत ओढला जातो आणि लवचीक वायरचा तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग जिथे संपतो नेमकी तिथेच वायर रोज वाकत राहते आणि तुटते. म्हणून डाखलेल्या जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधून ठेवावी लागते. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स तर मुळीच नको, तो मागाहून तांबं खातो. पोटात राळ असलेली डाखाची तारच घ्या.

माझा कौल क्रिंपला, म्हणजे वायरींची टोकं धातूच्या नळीत घालून ती नळी पकडीने चेपून केलेल्या जॉइंटला. गाडीचा मूळ हार्नेस बनवताना कारखान्यातही टर्मिनल दाबूनच बसवतात. नळी योग्य दाबाने चेपली की तारा एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवेलाही जागा उरत नाही, मग गंज कुठून येणार? अट एकच, पक्कड रॅचेटची हवी. ती पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. साध्या पकडीने नळी नुसती चपटी होते. नळीचं मापही जुळलं पाहिजे : लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरसाठी, निळी १.५ ते २.५, पिवळी ४ ते ६. तारा बसत नाहीत म्हणून चार तारा कापून टाकणारे कारागीर आहेत; त्यांच्या हाती गाडी देऊ नका. ‘दुप्पट मजबुती’ म्हणून टोकाला आधी डाख लावून मग क्रिंप करणंही चूक. डाख मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि पकड ढिली पडते.

क्रिंप झाला की वायर जोरात ओढून पाहा. हाताने ओढून सुटली तर खड्ड्यातही सुटणारच. मग दिवे लावून मल्टीमीटरचे दोन काटे जॉइंटच्या दोन बाजूंना टेकवा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक; त्यावर गेला तर कापून पुन्हा करा. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह हॉट एअर गनने तापवायची. दोन्ही टोकांना गोंद बाहेर डोकावला म्हणजे पाणी अडलं. लायटरने स्लीव्ह करपते. आणि स्लीव्ह जोडण्याआधीच वायरीत ओवून ठेवायची असते, हे प्रत्येकाला एकदा तरी जॉइंट झाल्यावर आठवतं.

शेजारी-शेजारी दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जॉइंट पुढे-मागे ठेवा, एका रेषेत नको. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि चाचणीपुरतीच पुन्हा लावा. पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्या कापायच्या नाहीत, जोडायच्या नाहीत, मल्टीमीटरही लावायचा नाही. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं.

(पुढील भागात : बॉडी अर्थ)