राष्ट्रध्वज अर्ध्यावर : केव्हा, कसा आणि कोणाच्या आदेशाने?

एखाद्या मोठ्या व्यक्तीचे निधन झाले की वर्तमानपत्रात 'शासकीय दुखवटा जाहीर, राष्ट्रध्वज अर्ध्यावर' अशी बातमी येते. कलेक्टर कचेरीवरचा तिरंगा खांबाच्या टोकावरून खाली आलेला आपण पाहतो. परंतु तो कोणाच्या आदेशाने खाली आला, किती दिवस तसा राहणार, आणि आपल्या समाजमंदिरावरचा, वसतिगृहावरचा किंवा शाळेवरचा ध्वजही तसाच खाली आणावा काय, याबाबत चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांचाही गोंधळ होतो. म्हणून सभासद बंधू-भगिनींच्या आणि विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी या विषयाची थोडक्यात मांडणी येथे केली आहे.

पूर्वी हा प्रश्न संस्थांना फारसा पडत नसे. सर्वसामान्य नागरिकांना व खाजगी संस्थांना ठराविक राष्ट्रीय दिवशीच ध्वज फडकविण्याची मुभा होती. २६ जानेवारी २००२ पासून 'भारतीय ध्वजसंहिता' लागू झाली आणि योग्य तो मान राखून कोणत्याही दिवशी ध्वज फडकविण्यास नागरिकांना व संस्थांना मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदाल यांच्या खटल्यात हा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये येतो असा निर्णय दिला. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावर अथवा घरावर ध्वज दिवसा व रात्रीही ठेवता येऊ लागला. त्यामुळे आज कित्येक संस्थांच्या इमारतींवर बाराही महिने तिरंगा असतो. हक्क वाढला तशी जबाबदारीही वाढली.

प्रथेचा उगम

ध्वज खाली आणून शोक व्यक्त करण्याची रीत मुळात दर्यावर्दी लोकांची. १६१२ साली ग्रीनलंडच्या सफरीत जेम्स हॉल हा इंग्रज दर्यावर्दी मारला गेला. त्या सफरीतील 'हार्ट्स ईझ' या जहाजाने ध्वज खाली आणून शोक दर्शविला, ही या प्रथेची सर्वांत जुनी नोंद म्हणून सांगितली जाते. ध्वजाच्या वर जी जागा रिकामी सोडली जाते ती मृत्यूच्या अदृश्य ध्वजासाठी, असाही एक अर्थ लावला जातो. पुढे ही रीत जमिनीवर आली आणि बहुतेक राष्ट्रांनी ती स्वीकारली.

मात्र जेथे ही रीत आली तेथे 'आदेश कोणाचा' हा प्रश्नही आला. अमेरिकेत हा अधिकार राष्ट्राध्यक्षांना, आणि राज्यापुरता राज्याच्या गव्हर्नरांना आहे. ब्रिटनमध्ये राजघराण्याचा ध्वज कधीही अर्ध्यावर येत नाही, कारण एक राजा गेला की दुसरा त्याच क्षणी गादीवर आलेला असतो. १९९७ साली राजकन्या डायना यांच्या निधनानंतर लंडनच्या राजवाड्यावर ध्वज अर्ध्यावर का नाही म्हणून लोकांनी मोठी नाराजी व्यक्त केली. शेवटी अंत्ययात्रेच्या दिवशी राजवाड्यावर राजघराण्याच्या ध्वजाऐवजी राष्ट्राचा ध्वज लावून तो अर्ध्यावर ठेवण्यात आला. लोकांचे दुःख कितीही खरे असले तरी निर्णय मात्र अधिकार असणाऱ्यानेच घेतला.

भारतात आदेश कोणाचा?

आपल्याकडे हा विषय केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आहे. कोणत्या पदावरील व्यक्तीचे निधन झाले असता ध्वज कोठे अर्ध्यावर आणावयाचा, हे ध्वजसंहितेच्या तिसऱ्या भागात दिले आहे :

(१) राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान : संपूर्ण भारतात.
(२) लोकसभेचे सभापती, भारताचे सरन्यायाधीश : दिल्लीत.
(३) केंद्रीय कॅबिनेट मंत्री : दिल्लीत व सर्व राज्यांच्या राजधान्यांत.
(४) केंद्रीय राज्यमंत्री व उपमंत्री : दिल्लीत.
(५) राज्यपाल, नायब राज्यपाल, मुख्यमंत्री : त्या संपूर्ण राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात.
(६) राज्याचे कॅबिनेट मंत्री : त्या राज्याच्या राजधानीत.

हा नियम निधनाच्या दिवसापुरता आहे. बातमी दुपारनंतर आली तर दुसऱ्या दिवशीही ध्वज अर्ध्यावर ठेवतात, परंतु त्या दिवशी सूर्योदयापूर्वीच अंत्यविधी उरकलेला नसला पाहिजे. अंत्यसंस्काराच्या दिवशी, ज्या गावी अंत्यसंस्कार होतात तेथेही ध्वज अर्ध्यावर असतो. याशिवाय शासकीय दुखवटा जाहीर झाला तर दुखवट्याचे सर्व दिवस ध्वज अर्ध्यावर राहतो. परदेशी नेत्यांच्या बाबतीत गृहमंत्रालय प्रत्येक वेळी स्वतंत्र सूचना काढते. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर ११ सप्टेंबर २०२२ हा एक दिवस आपल्या देशात दुखवटा पाळण्यात आला.

वरील यादीत माजी पंतप्रधान नाहीत, कलावंत नाहीत, उद्योगपती नाहीत, ही गोष्ट चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आली असेल. त्यांच्यासाठी सरकार खास निर्णय घेते. डॉ. मनमोहन सिंग यांचे २६ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले तेव्हा केंद्राने १ जानेवारी २०२५ पर्यंत सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले तेव्हा देशभर दोन दिवस ध्वज अर्ध्यावर होता. रतन टाटा यांच्या निधनानंतर १० ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक दिवसाचा दुखवटा पाळला. म्हणजे पदाची यादी असो वा खास निर्णय असो, ध्वज खाली येतो तो शासनाच्या आदेशानेच.

ध्वज अर्ध्यावर कसा आणावा?

हे काम बहुधा शिपाई, वसतिगृहातील विद्यार्थी किंवा मंडळाचे तरुण कार्यकर्ते करतात. त्यांनी पुढील क्रम पाठ करून ठेवावा.

ध्वज चढविताना तो थेट मध्यावर बांधावयाचा नाही. प्रथम तो खांबाच्या टोकापर्यंत न्यावा, तेथे क्षणभर थांबावे आणि मग खाली आणून अर्ध्यावर ठेवावा. दिवस संपल्यावर ध्वज उतरवितानाही तो अर्ध्यावरून सरळ खाली घ्यावयाचा नाही. पुन्हा एकदा टोकापर्यंत नेऊनच तो खाली उतरवावा. ध्वजाचे मूळ स्थान टोकावरच आहे, शोकापुरता तो खाली आला आहे, हे या कृतीतून दाखविले जाते.

'अर्ध्यावर' म्हणजे नेमके कोठे? खांबाला ताण देणाऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतील तर खांबाचे टोक आणि दोरी बांधल्याची जागा यांच्यामधील अंतराचा मध्य धरावा. समजा, खांब २० फुटांचा आहे आणि ताणाची दोरी जमिनीपासून १२ फुटांवर बांधली आहे. मधले अंतर ८ फूट झाले. म्हणून ध्वज टोकापासून ४ फूट खाली येईल. ताणाच्या दोऱ्या नसतील तर खांबाच्या निम्म्या उंचीवर ध्वज ठेवावा.

शोकयात्रेत ध्वज हाती धरून नेताना भाल्याच्या टोकाला काळ्या क्रेप कापडाच्या दोन फिती बांधण्याची पद्धत आहे. परंतु त्या फितीही शासनाच्या आदेशाशिवाय बांधता येत नाहीत.

दुखवटा असूनही ध्वज वर केव्हा राहतो?

प्रजासत्ताक दिन, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह, स्वातंत्र्य दिन, २ ऑक्टोबर, केंद्र सरकारने ठरविलेला अन्य राष्ट्रीय आनंदाचा दिवस आणि राज्याच्या स्थापनेचा वर्धापनदिन, म्हणजे महाराष्ट्रात १ मे व गोव्यात ३० मे, या दिवशी दुखवटा आला तरी ध्वज अर्ध्यावर आणीत नाहीत. ज्या इमारतीत पार्थिव ठेवलेले असते, फक्त तेथील ध्वज अर्ध्यावर असतो. पार्थिव तेथून हलविले की तोही पूर्ण उंचीवर नेतात.

संस्थेने काय करावे?

येथपर्यंतचे नियम प्रामुख्याने सरकारी इमारतींसाठी आहेत. खाजगी संस्था, शाळा व नागरिक यांच्यासाठी एकच सूत्र आहे. सार्वजनिक इमारतींवरील ध्वज शासनाच्या सूचनेनुसार जेव्हा अर्ध्यावर असतो, तेव्हाच आपल्याला आपला राष्ट्रध्वज अर्ध्यावर ठेवता येतो. एरवी नाही. दुखवट्याच्या आदेशात 'ज्या इमारतींवर राष्ट्रध्वज नियमित फडकविला जातो' असे शब्द असतात. तेव्हा ज्या संस्थेवर रोज ध्वज असतो तिने तो अर्ध्यावर आणणे उचित होय. जेथे रोज ध्वज नसतो तेथे केवळ अर्ध्यावर आणण्यासाठी तो मुद्दाम चढविण्याचे कारण नाही.

हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली. शासनाची सूचना नसताना राष्ट्रध्वज अर्ध्यावर फडकविणे याची गणना त्या कायद्यात ध्वजाच्या अवमानात केली आहे. या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एखादा भाबडा कार्यकर्ता आदरापोटी ध्वज खाली आणील आणि त्याच्यावर अवमानाचा ठपका येईल, असे होऊ नये. राष्ट्रध्वज पार्थिवावर पांघरण्याचेही तसेच आहे. शासकीय इतमामाने होणारे अंत्यसंस्कार तसेच सैन्य व निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार एवढ्यांपुरतीच ती परवानगी आहे. त्यावेळीही केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो, आणि ध्वज चितेवर जाळला जात नाही की थडग्यात पुरला जात नाही.

सहा डिसेंबर आणि पंचशील ध्वज

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. ६ डिसेंबर, परमपूज्य बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. या दिवशी संस्थेवरील राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणावा काय? उत्तर स्पष्ट आहे : आणू नये. ध्वजसंहितेत निधनाच्या प्रसंगाची तरतूद आहे, स्मृतिदिनाची नाही. ३० जानेवारीला हुतात्मा दिनी देशभर सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. स्मृतिदिनी श्रद्धांजली वाहण्याची शासनाची रीत ती आहे. मंडळाचे संस्थापक किंवा एखादे आदरणीय ज्येष्ठ गेले तरी राष्ट्रध्वजाबाबत हेच लागू होते.

हे ऐकून काहींना वाईट वाटेल. ज्यांनी देशाला राज्यघटना दिली त्यांच्यासाठी आपण आपल्याच इमारतीवरचा ध्वज का उतरवू नये, असे कोणी विचारील. परंतु थोडा विचार करावा. प्रत्येक समाजाने, प्रत्येक पक्षाने, प्रत्येक गावाने आपापल्या नेत्यासाठी राष्ट्रध्वज उतरविण्यास आरंभ केला तर कोणाचा ध्वज खाली आणि कोणाचा वर, यावरून गल्लोगल्ली मानापमान सुरू होतील. हा निर्णय एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे ध्वज जेव्हा खाली येतो तेव्हा तो साऱ्यांच्या वतीने येतो. संविधान सभेने जून १९४७ मध्ये राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली तिचे बाबासाहेब हे एक सभासद होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला आणि त्याच्या मध्यभागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील २४ आऱ्यांचे चक्र आले. त्या ध्वजाचे नियम काटेकोर पाळणे हाही बाबासाहेबांना वाहिलेला आदरच आहे.

आपला शोक व्यक्त करण्यासाठी आपला पंचशील ध्वज आहे. १८८५ साली श्रीलंकेत तयार झालेल्या या ध्वजाला राष्ट्रध्वजाची संहिता लागू नाही. तो केव्हा व कसा अर्ध्यावर आणावा हे संस्थेने सभेत ठरवावे आणि ठराव करून नोंदवून ठेवावे. आयत्या वेळी वाद नकोत. चढविण्याउतरविण्याचा वर सांगितलेला क्रम याही ध्वजासाठी वापरण्यासारखा आहे.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. एकाच खांबावर राष्ट्रध्वज आणि दुसरा कोणताही ध्वज एकत्र लावू नये. तसेच राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने दुसरा ध्वज लावू नये. पंचशील ध्वजाचा खांब वेगळ्या जागी, कमी उंचीचा असावा. शासकीय दुखवट्याच्या दिवशी राष्ट्रध्वज अर्ध्यावर आला तर पंचशील ध्वज त्याच्यापेक्षा उंच राहील, हेही ध्यानात घ्यावे. अशा दिवशी तो उतरवून ठेवावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

शेवटी एक सूचना. दुखवट्याच्या बातम्या हल्ली फोनवरून वाऱ्यासारख्या पसरतात, आणि त्यांतल्या काही चुकीच्या असतात. कोणाचा तरी निरोप आला म्हणून ध्वजाला हात लावू नये. आकाशवाणी व दूरदर्शनवरील शासकीय घोषणा ऐकावी, किंवा तहसील अथवा कलेक्टर कचेरीत विचारून खात्री करावी. दुखवटा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे हे कार्यालयातील फळ्यावर लिहून ठेवावे आणि मुदत संपताच ध्वज पूर्ण उंचीवर न्यावा. प्रत्येक संस्थेने या कामासाठी दोन जाणकार कार्यकर्ते नेमले आणि विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा ध्वज चढविण्याउतरविण्याचा सराव केला, तर ऐन दुःखाच्या प्रसंगी कोणाची धांदल होणार नाही.