डॉक्टरवर दावा लावायचा, तर वकील कसा गाठावा?

उपचार चुकून माणूस गेला, की आपल्याकडे एक तर दवाखान्यापुढे गर्दी जमते, नाहीतर नशिबाला बोल लावतात. तिसरी वाट जुनीच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर गोडबोले यांच्या वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. पुण्यात डॉक्टरांनी भूल न देता जोर लावून हाड बसवले, असे कोर्टाने धरले. मुलगा त्याच रात्री गेला. बाप स्वतः डॉक्टर, तरी कोर्टात उभा राहिला. भरपाई ३००० रुपये. सुप्रीम कोर्टाने ती कायम केली १९६८ साली!

आता इतके थांबणे नको. १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात. दवाखाना मुंबईचा असला तरी तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगात चालते. मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालते. पण समोरचा वकील देणारच.

वकिलाकडे जाण्याआधी केसपेपर लेखी मागा, ते ७२ तासांत द्यावे लागतात. मग सरळ विचारा, असे दावे किती चालवले? बांध-वाटपात पक्का असलेला वकील इथे उपयोगी पडेलच असे नाही. दुसऱ्या डॉक्टरचे मत कोण आणणार, हेही ठरवून घ्या. फी झेपत नसेल तर जुन्नर किंवा घोडेगाव कोर्टातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि आदिवासींना उत्पन्नाची अट नाही.

अन् वकिलानेच घोळ घातला तर? २०२४ च्या निकालाने वकील ग्राहक कायद्याबाहेर गेले. त्यांची तक्रार बार कौन्सिलकडे.