टाकीतली वाफ आणि तिची वाट

इंदूरच्या अन्नपूर्णा भागात मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप उभी राहिली, की इंजिन बंद असूनही तिच्याभोवती पेट्रोलचा वास येऊ लागतो. टाकी तापते, पेट्रोलची वाफ होते आणि झाकणाच्या छिद्रावाटे ती हवेत जाते.

यात केवळ पैशाचा अपव्यय नाही. या वाफेत बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य असते. शिवाय सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या संगतीने तिच्यापासून ओझोन तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात १९७० पासून व साऱ्या अमेरिकेत १९७१ पासून नव्या मोटारींतील ही वाफ रोखणे बंधनकारक झाले.

त्यासाठी योजलेली रचना सुबोध आहे. टाकीतील वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते व तेथे कोळशाच्या कणांना चिकटून राहते. इंजिन चालू झाले, की दुसऱ्या नळीने ती आत ओढली जाऊन जळते. जे हवेत जायचे, ते कामी येते.

ही नळी तडकली, तर वाफ बाहेर पडते. ती बोळा घालून बंद केली, तर टाकीत दाब वाढतो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते व कमकुवत होते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने रंगाइतकीच या नळ्यांचीही निगा राखावी. कारण जेथे पेट्रोलचा वास असतो, तेथे एक ठिणगीही पुरते.