अ‍ॅम्बॅसडरची मागची काच

पुढची काच तडकते, मागची कोसळते. कारखाना बंद पडलेल्या गाडीची काच कोलकात्यात कुठून येते आणि कशी बसते?

रविवारची सकाळ. उत्तर कोलकात्यातली एखादी अरुंद गल्ली, तिथल्या बोलीत ‘पाडा’, म्हणजे आपली आळी. तीन विटांचे स्टंप, रोजच्या रबरी चेंडूऐवजी त्या दिवशी कुणीतरी नेमका खरा चेंडू आणलेला, आणि भिंतीला खेटून उभी असलेली पांढरी अ‍ॅम्बॅसडर. फटका बसतो, ठप्प असा आवाज येतो आणि गाडीची मागची काच सबंधच्या सबंध खाली येते. पोरं पसार. सीटवर, सीटच्या फटीत, मागच्या फळीवर, डिकीच्या कडेला, जिथं बघावं तिथं हरभऱ्याएवढे काचेचे दाणे.

असा प्रसंग ओढवलेला मालक आधी पोरांच्या नावानं शंख करतो. मग खर्चाचा अंदाज बांधायला लागतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं, की पैशाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ही काच आता मिळायची कुठं?

कारण ही गाडी बनवणारा कारखानाच राहिलेला नाही. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदरावर सुरू झाली आणि १९४८ मध्ये हुगळी जिल्ह्यात उत्तरपाड्याला आली. कारखान्यापायी तिथं ‘हिंद मोटर’ नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा झालं. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली अ‍ॅम्बॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथून बाहेर पडू लागली आणि पाच दशकांहून जास्त काळ पडत राहिली. मंत्र्यांची तीच, कलेक्टरांची तीच, टॅक्सीवाल्यांचीही तीच. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचं काम थांबलं. २०१७ मध्ये ‘अ‍ॅम्बॅसडर’ हे नाव प्यूजो या फ्रेंच कंपनीला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. नाव फ्रान्सला गेलं. काचेची चौकशी मात्र कोलकात्याच्या मल्लिक बाजारातच करावी लागते.

मराठ्यांचा खंदक आणि मोटारींचा बाजार

पार्क स्ट्रीट जिथं आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, त्या चौकाच्या आसपास मल्लिक बाजार आहे. जवळच इंग्रजांच्या जुन्या दफनभूमी, आणि इकडे मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बाजाराची कल्पना सहज येईल. दरवाजे, बंपर, दिव्यांच्या खोबण्या, गिअरबॉक्स, आणि कुठंतरी भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, मध्ये गोणपाट घातलेल्या काचा.

मराठी माणसाला या रस्त्यावरून जाताना एक गोष्ट आठवायला हरकत नाही. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून येऊ लागले, तेव्हा १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच ‘मराठा डिच’. तो पुरा झाला नाही आणि त्याची गरजही पडली नाही. पुढं १७९९ मध्ये तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. त्याचाच दक्षिणेकडचा भाग, लोअर सर्क्युलर रोड, आज जगदीशचंद्र बोसांच्या नावानं ओळखला जातो. ज्यांच्या भीतीनं खंदक खणला, त्यांच्या मुलुखातला माणूस आज त्याच रस्त्यावर काचेच्या भावात घासाघीस करू शकतो.

या बाजारात अ‍ॅम्बॅसडरचे भाग मिळतात, याला एक कारण टॅक्सी. १९६० च्या दशकापासून कोलकात्याची टॅक्सी म्हणजे अ‍ॅम्बॅसडर, असं समीकरणच होतं. कलकत्ता उच्च न्यायालयानं २००८ मध्ये पंधरा वर्षांपेक्षा जुनी व्यापारी वाहनं रस्त्यावरून काढण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी तो अमलात येऊ लागला. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीलाही वयाच्या अटीनंच गाठलं. तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन झिजलेलं असतं, पत्रा सडलेला असतो. पण मागची काच? ती एकतर फुटते नाहीतर जशीच्या तशी राहते. तिला झीज अशी फारशी नसतेच. त्यामुळं घरी सांभाळलेल्या खाजगी अ‍ॅम्बॅसडरला लागणारी काच बहुधा एखाद्या टॅक्सीचीच निघते.

ही काच कापता येत नाही

आता कुणी म्हणेल, एवढी शोधाशोध कशाला? काचवाल्याकडून माप देऊन कापून आणावी. घोडं अडतं ते इथंच.

गाडीच्या मागच्या आणि बाजूच्या काचा बहुधा ‘टफन्ड’ असतात. साधी काच मापानं कापून, आकार देऊन सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि मग तिच्यावर हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून थंड होत आकसतो आणि वरच्या थराला आत ओढून धरतो. त्यामुळं ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. मात्र हा ताण एका ठिकाणी सुटला, की सगळीकडं सुटतो. म्हणूनच ती तडकत नाही, एकदम कोसळते. तिचे दाणे बोथट असतात, साध्या काचेसारखे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना चेंडू आला, तर त्यांचे गळे आणि डोळे बहुतेक वेळा वाचतात, ते या गुणामुळं.

अशी काच एकदा तयार झाली, की तिला ना कापता येतं, ना भोक पाडता येतं. हिऱ्याची कणी फिरवायला जाल तर हातात दाणेच येतील. म्हणजे एकतर तीच काच शोधायची, नाहीतर मापाची नवी बनवून भट्टीतून काढून आणायची. एका काचेसाठी हा उद्योग कोण करणार?

पुढच्या काचेची गोष्ट वेगळी. ती ‘लॅमिनेटेड’, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तडे गेले पण तुकडे सुटले नाहीत, कारण आत सुकलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. १९०९ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. अशी काच सपाट असेल तर कापता येते, आणि काही कारागीर मागच्या बाजूलाही तिचा तोडगा सुचवतात. पण मागच्या काचेला गोलाई असेल तर सपाट काच तिथं जबरदस्तीनं बसवणं म्हणजे पहिल्याच खड्ड्यात तडा.

तिसरा, आणि सगळ्यात स्वस्त सल्ला मिळतो तो अ‍ॅक्रिलिकच्या शीटचा. वाकते, कापता येते, तासाभरात बसते. हा सल्ला ऐकू नये. फडक्यानं पुसतानाच तिच्यावर ओरखडे पडतात, आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्या ओरखड्यांवर पसरले, की आरशात दिसायचं ते काहीच दिसत नाही. वरून नियमालाही ती धरून नाही. गाडीला काच हवी ती सुरक्षेच्या मानकात बसणारीच.

जुनी काच घेताना कोपऱ्यातला शिक्का पाहावा. त्यावर काचेचा प्रकार आणि मानकाची खूण असते. काच टफन्डच आहे ना, हे पाहायचा घरगुती उपायही आहे. पोलराइज्ड गॉगल घालून ती आकाशाच्या उजेडात तिरपी धरली, तर बऱ्याचदा तिच्यावर फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात. हवेच्या झोतांच्या त्या खुणा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारही कडांवरून जपून बोट फिरवावं. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा एक वेळ चालेल, पण कडेचा टवका अजिबात चालणार नाही. टफन्ड काचेचा जीव कडेत असतो. बिल मात्र मागून घ्यावं. जुन्या भागांच्या कुठल्याही बाजारात ते आपल्याच फायद्याचं.

तोवर गाडी चालवावी का?

शक्यतो नाही. काच फुटली, की प्लॅस्टिक चिकटवून आठवडाभर गाडी फिरवणारे पुष्कळ. पण धावत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर मागच्या उघड्या भोकातून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, पेंग येते, आणि मागं बसलेलं मूल झोपलंय असंच आईला वाटतं. गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल, तर पुढच्या खिडक्या पूर्ण उघड्या ठेवून, मागच्या सीटवर कुणाला न बसवता, थोडक्यात न्यावी.

विमा असेल तर काचांना हात लावण्याआधी फोटो काढावेत आणि कंपनीला कळवावं. एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, रबराच्या भागांवर मात्र निम्मा कापतात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, आणि जुन्या गाड्यांची ती बहुधा तशीच असते, तर काही मिळणार नाही. सर्वंकष असली तरी क्लेम केला, की २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस जाऊ शकतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या एका काचेसाठी तो घालवणं बहुतेकांना परवडत नाही.

दोरीची करामत

काच आणि सिरॅमिकवर संशोधन करणारी देशाची मध्यवर्ती संस्था कोलकात्यातच, जादवपूरला, १९५० पासून आहे. पण अ‍ॅम्बॅसडरची काच बसवायला लागते ती हातभर विद्या आणि चांगली लांब दोरी.

नव्या गाड्यांत मागची काच पॉलियुरेथेनच्या गोंदानं थेट पत्र्याला चिकटवतात. जुनी तारेनं कापून काढायची, नवी चिकटवायची, गोंद धरेपर्यंत काही तास गाडी हलवायची नाही. धुकं घालवायच्या तारा असतील तर त्यांची जोडणी करायची. अ‍ॅम्बॅसडरला गोंद नाही. तिथं रबराचं बीडिंग. त्याला दोन खाचा. एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड.

जाणता मिस्त्री आधी काचेकडं बघतच नाही. जुनं रबर ओढून काढतो आणि पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो. खालच्या दोन कोपऱ्यांत गंज असतोच. कोलकात्याचा पाऊस आणि बाराही महिने दमट हवा. बीडिंगखाली शिरलेलं पाणी तिथंच साचतं. गंज घासून, प्रायमर लावून तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. घाईच्या मालकाला हे पटत नाही. पण गंजाचा फुगवटा काचेच्या कडेवर दाब देत राहिला, तर एखाद्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची काच कुणी हात न लावता कोसळायची, आणि खापर फुटायचं ते पुन्हा गल्लीतल्या पोरांवर.

रबर नवं घ्यावं. काच जुनी चालते, रबर जुनं चालत नाही. दहा वर्षं उन्हात राहिलेलं बीडिंग वाळक्या चपलेसारखं होतं. दाबलं तर चीर पडते.

मग खरं काम. काचेला चारी बाजूंनी रबर चढवायचं. पत्र्यासाठी असलेल्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवून बसवायची आणि तिची दोन टोकं खाली मधोमध एकमेकांवरून पुढं काढून ठेवायची. साबणाचं पाणी लावायचं. दोघांनी काच उचलून बाहेरून जागेवर टेकवायची, दोरीची टोकं गाडीच्या आत. आता एक जण मागच्या सीटवर गुडघे टेकून बसतो आणि एक टोक हळूहळू ओढतो. दोरी खाचेतून सुटत येते तशी रबराची ओठाळी उचलून पत्र्याच्या आत आणते. बाहेरचा माणूस बरोबर त्याच जागी तळव्यानं दाब देत सरकतो. ओढणारा पुढं गेला आणि दाबणारा मागं राहिला, तर रबर फाटतं. दाबणाऱ्यानं मुठीनं ठोकलं, तर काच जाते. दोघांचा मेळ जमला पाहिजे. म्हणून हे काम थंड सकाळी करत नाहीत. रबर थोडं उन्हात मऊ झालं, की सोपं जातं.

काच बसली, की काहींना तिच्यावर काळी फिल्म हवी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले अविषेक गोयंका हे कोलकात्याचेच. त्यांच्या याचिकेवर एप्रिल २०१२ मध्ये निकाल लागला आणि देशभर पोलिसांनी काचा खरवडायला सुरुवात केली. शोधून आणलेली काच काळी करायची कशासाठी, हाही प्रश्न आहेच.

सीटखालचे दाणे मात्र महिनोन् महिने निघत राहतात. व्हॅक्युम क्लीनरनंतर पिठाच्या ओल्या गोळ्यानं फटी टिपून घ्याव्यात.

शेवटी बादली. एक जण आत बसून बीडिंगच्या खालच्या कडेवर कोरडा तळहात ठेवतो, दुसरा बाहेरून वरून पाणी सोडतो. एक बादली, दुसरी बादली. आतल्यानं हात वर करून दाखवला आणि तो कोरडा असला, तर गाडी घरी न्यायची. पुढच्या रविवारी ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभी दिसते, विकेटकीपरच्या बरीच मागं.