राजा एक, प्रजा तीस

बंगळुरूच्या के. आर. पुरमला तारांच्या पुलापाशी संध्याकाळी वाहतूक तुंबली की आसपासच्या इमारतींतल्या मुलांची चंगळ होते, कारण आईवडील टिन फॅक्टरीच्या अलीकडे अडकलेले असतात. अशाच एका संध्याकाळी मूळच्या कुडाळच्या एका बिऱ्हाडात जेवणाच्या टेबलावर ‘मॅजिक: द गॅदरिंग’चा साठ पानांचा कॅट उघडा पडला होता. चोवीस पानं जमिनीची, बाकी बहुतेक सगळे ड्रॅगन. कॅटाचा मालक नववीतला. सलग तीन डाव हरलेला. त्याचा शिवन ड्रॅगन सहा जमिनी झाल्याशिवाय उतरत नाही, आणि सहावी जमीन हाती येईपर्यंत समोरच्या मुलीच्या गॉब्लिनांनी त्याचे वीसच्या वीस प्राण कुरतडून संपवलेले. “पण आजोबा, ड्रॅगन भारी असतात ना?” हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला होता. हा लेख म्हणजे त्याचंच लांबलेलं उत्तर.

कॅट कसा बांधावा, एका पानाच्या प्रती किती ठेवाव्यात, ही बाराखडी इथे गिरवायची नाही. प्रश्न एकाच जमातीचा कॅट बांधण्याचा आहे, आणि त्यात दोन पंथ आहेत. एक राजाभक्तांचा: आधी भव्य राजा निवडा, मग त्याच्याभोवती दरबार भरवा. दुसरा प्रजेचा. राजाभक्तांशी प्रस्तुत लेखकाचं भांडण जुनं आहे. त्यांची नावं घेण्यात अर्थ नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

राजाभक्तांनी १९९३ सालचा पहिला संच एकदा नीट पाहावा. रिचर्ड गारफिल्डच्या त्या संचात गॉब्लिन किंग होता, लॉर्ड ऑफ अटलांटिस होता, झोम्बी मास्टर होता. पण गॉब्लिनांचा हा राजा स्वतः गॉब्लिन नव्हता! पानावर त्याची जात छापली होती ‘लॉर्ड’. अटलांटिसच्या स्वामीला मत्स्यमानवांचं एकच पान प्रजा म्हणून मिळालं होतं, गॉब्लिन राजाला दोन. सिंहासनं तीन आणि दरबार रिकामे. जमातीचा कॅट तेव्हा कागदावर होता, खेळात नव्हता.

प्रजा पुढे हळूहळू जमली. १९९७ च्या ‘टेंपेस्ट’मध्ये स्लिव्हर आले. त्यांच्यात राजा नव्हताच. एकाला पंख फुटले की सगळ्यांना फुटायचे, समोरच्याच्या स्लिव्हरांनासुद्धा. २००२ चा ‘ऑनस्लॉट’ तर जमातींचाच संच. ‘लॉरविन’, ‘इनिस्ट्राड’, ‘इक्सलान’ यांच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, ते तिथेच वाचावं.

गॉब्लिनांपाशी मात्र थांबायला हवं. गॉब्लिन लॅकी हे एका जमिनीचं, एक-एक ताकदीचं क्षुल्लक पान. समोरच्या खेळाडूला त्याचा घाव बसला की हातातला कुठलाही गॉब्लिन फुकट मैदानात. पाच जमिनींचा सीज-गँग कमांडर असा दुसऱ्याच फेरीला उतरतो आणि येताना तीन पोरं घेऊन येतो. गॉब्लिन पाइलड्रायव्हरची ताकद हल्ल्याला निघालेल्या प्रत्येक भाईबंदामागे दोनाने वाढते. आणि गॉब्लिन रिंगलीडर गड्डीतली वरची चार पानं उघडतो व त्यांतले सगळे गॉब्लिन हातात देतो. इथे हिशोब येतो. साठात तीस गॉब्लिन असतील तर चारात सरासरी दोन सापडतात, पंधराच असतील तर एक. म्हणजे रिंगलीडरची किंमत रिंगलीडरमध्ये नाही, उरलेल्या एकोणतीसांत आहे. ड्रॅगनवाल्या नातवाला हेच तीनदा सांगून झालं.

आता मुख्य भांडण. प्राण्यांच्या जमातीची पानं, त्यांचा राजा, त्यांची चढती भाजणी, हे सगळं अमेरिकेतून आलं असं हल्ली छातीठोकपणे लिहिलं जातं. अबुल फजलची ‘ऐन-इ-अकबरी’ उघडली तर बारा रंगांची, १४४ पानांची गंजिफा सापडते. अश्वपती, गजपती यांच्या रांगेत शेवटी वनपती आणि अहिपती आहेत. वनपतीचा राजा म्हणजे वाघ, वजीर बिबट्या, आणि पुढे एक ते दहा रानटी श्वापदं. अहिपतीचा वजीर सापावर स्वार झालेला साप. इथला राजा त्याच जातीचा आहे. गॉब्लिन किंगचं त्रांगडं अकबराच्या दरबारात नव्हतं.

के. आर. पुरम या नावातही कृष्णराज आहेत. त्याच नावाचे म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयर पत्त्यांचे असे वेडे, की त्यांच्या काळच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात गंजिफांसाठी स्वतंत्र जागा आहे आणि त्यांतला मोठा संच ३६० पानांचा. खेळायला कुणाला एवढी सवड होती हा प्रश्न वेगळा.

प्रस्तुत लेखकाचं मन रमतं ते सावंतवाडीत. तिथली दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा रंग, प्रत्येकी बारा. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. चितारी घराण्यांची ही कला विझत आली असताना १९७० च्या सुमारास तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींना गाठलं. राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि राजवाड्यात कारागीर बसवले. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवलेलं, पाठीवर लाखेची चकाकी असलेलं ते गोल पान बोटांत धरलं की जड लागत नाही, पण टेबलावर टाकलं की टक् असा आवाज येतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या ड्रॅगनला तो आवाज नाही.

आणि खेळ? हुकमाचा रंगच नाही. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. तिघांना चाळीस-चाळीस पानं, आणि गेलेलं प्रत्येक पान ध्यानात ठेवायचं. वरची पानं निघून गेली की हातात राहिलेली दुर्री हुकमी ठरते आणि राजा गमावून बसलेला खेळाडू तिच्याकडे बघत राहतो. प्रजेच्या पंथाचं याहून चांगलं समर्थन प्रस्तुत लेखकाला सापडलेलं नाही.

दुःख याचं आहे की दोन्हीकडे खेळणारे आटले. तिकडे २०२३ साली मॅजिकमधल्या ‘वन रिंग’चं जगात एकुलतं एक पान गायक पोस्ट मलोनने वीस लाख डॉलरला घेतल्याच्या बातम्या आल्या. ते कुणी पिसणार आहे का? मुलं पाकीट फोडतात ती भाव बघायला. इकडे सावंतवाडीच्या गंजिफेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, आणि संच दिवाणखान्यांत काचेआड गेले. ‘कलाप्रकार’ म्हणून गंजिफेवर व्याख्यान देणाऱ्या एका विद्वानांना उतारी कुणाची असं विचारलं, तर त्यांनी विषय रंगद्रव्यांकडे वळवला.

के. आर. पुरमच्या त्या टेबलावर आता ड्रॅगन चारच उरले आहेत आणि शेजारी सावंतवाडीचा एक संच आहे. सुटीत कुणाला यायचं असेल तर तिसरा गडी हवाच आहे. गोल पानं पिसता येत नाहीत, चादरीवर पसरून कालवावी लागतात, तेव्हा चादर आणावी. दिवसा आलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा.