एका तारेचा माग

नाशिकच्या द्वारकेला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. संपादकांनी मला पाठवलं होतं तिथल्या वाहतूक कोंडीवर लिहायला. मी रमलो मात्र चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका गाळ्यात. तिथले मिस्त्री ऑटोमॅटिक गाड्यांचं फक्त वायरिंग बघतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तसा जुना. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक आला, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवायचा. आता ते संगणक ठरवतो. नाशिकच्या कारखान्यात बनणारी स्कॉर्पिओ २००८ मध्ये ऑटोमॅटिक झाली. २०१४ च्या सेलेरिओनंतर तर क्लच पेडलविना गाडी मध्यमवर्गाच्या दारात आली, आणि तिच्यासोबत नव्या प्रकारची दुखणीही.

मी गेलो त्या दिवशी मुंबईहून आलेली एक गाडी उभी होती. कसारा घाट चढताना ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केली की ठीक. दुसरीकडे मालकाला सांगितलं होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते बिचारे घाबरून इथं आले होते.

तिसऱ्यात अडकणं हा बिघाड नव्हे, ती गाडीनं स्वतःपुरती केलेली सोय. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला, म्हणजे त्याच्या संगणकाला, कुठलाही आकडा पटेनासा झाला की ते सगळ्या सोलेनॉइडची वीज तोडतं आणि एकाच गिअरवर गाडी घरापर्यंत नेऊ देतं. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी दांडी. वीज आली की तेलाची वाट उघडते किंवा मिटते.

स्कॅनरवर कोड आला पी ०७५३. मिस्त्रींनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "साहेब, ०७५१ असता तर दांडी चिकटली, तेलात कचरा आला असं म्हटलं असतं. तीन म्हणजे विजेची तक्रार. कोड बोंब कुठून आली ते सांगतो, चोर नाही दाखवत."

मग त्यांनी मॉड्यूलचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटर लावला. बारा ओहम, अगदी बरोबर. गरम झाल्यावर तांब्याचा रोध वाढतो. शंभर अंशांना तोच आकडा साडेपंधराच्या आसपास जातो, हे ते हिशेबात धरतात. आकडे ठीक, तार शाबूत, मीटरची पिपाणीही वाजली. इथं बहुतेक जण सोलेनॉइड बदलतात, नाहीतर अख्खा बॉक्स.

मिस्त्रींनी एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब काढला. मॉड्यूलकडून सोलेनॉइडकडे जाणाऱ्या तारेची दोन्ही टोकं मोकळी करून त्याच एका तारेतून बॅटरीची वीज बल्बला दिली. बल्ब मंद, लालसर पेटला. मीटर तारेतून नावापुरताच करंट सोडतं, त्याला एक धागाही पुरतो. बल्बला पावणेदोन अँपियर लागतात. तिथं तार उघडी पडली. मला ही युक्ती इतकी सुंदर वाटली की मी तो बल्ब पुन्हा लावून बघितला.

शोध संपला बॅटरीच्या ट्रेखाली. तिथं वायरिंग एका क्लिपमध्ये ताणून बसवलेलं होतं. वरचं कव्हर शाबूत, पण बोटांनी दाबल्यावर आत पोकळ लागलं. ब्लेडनं सोललं तर हिरवी भुकटी, आणि तांब्याचे दोनच धागे धड. घाटात इंजिन जोर लावतं, फाउंडेशनवर हलतं, तार ओढली जाते. नवा तुकडा जोडून, सोल्डर करून, स्लीव्ह चढवून त्यांनी यावेळी वायरिंगला थोडी ढील ठेवली. मालकानं तीनदा विचारलं, "एवढंच?"

मला काळजी वाटते ती पुढच्या गाड्यांची. कित्येक गाड्यांत मॉड्यूल आता बॉक्सच्या पोटात, गरम तेलातच बसवलेलं असतं. तिथं ओढून बघायला तारच नाही, बल्ब लावायला टोक नाही. नवं मॉड्यूल बसवलं तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरनं त्या गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते. ते सॉफ्टवेअर या गाळ्यात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मिस्त्रींकडे मात्र अजून वहीच आहे. उघडलेल्या प्रत्येक गाडीच्या कनेक्टरचं चित्र, पिनचे नंबर, तारांचे रंग, सगळं बॉलपेननं. तेलानं पानं पारदर्शक झालीत. त्यांचा भाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. मिस्त्री त्याला हातानं काढायला लावतात, कारण काढताना पिन मोजाव्या लागतात.

दुपारी दुसरी गाडी आली, मॉड्यूल पोटात असलेली. त्यांनी फ्यूज पाहिले, मॉड्यूलला येणारा करंट आणि अर्थ बल्ब लावून तपासला, बाहेरचा कनेक्टर उघडून पुसला. सगळं ठीक निघालं. तासाभरानं बॉनेट लावून ते मालकाला म्हणाले, "दादा, बाहेर काही नाही. आत माझा हात पोचत नाही." पैसे घेतले नाहीत. भाच्यानं वहीत त्या गाडीचं पान उघडलं होतं. त्यात बाहेरच्या सोळा पिना काढून झाल्या होत्या.