अंगठा देण्याआधीचा धडा

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी महिलेला दिला गेला. पंतप्रधान स्वतः हजर होते. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत रेशन, मजुरी, पेन्शन, अनुदान, सगळं हळूहळू अंगठ्यावर आणि मोबाइलवर आलं. नंदुरबारच्याच नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यातल्या बाईला या व्यवस्थेत आणण्याची घाई सगळ्यांनी केली. पण थांबून खात्री कशी करायची, नाही कधी म्हणायचं आणि फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची, हा धडा कायम शेवटच्या पानावर राहिला. तो पहिल्या पानावर हवा होता, आणि या काळाकडे मागे वळून पाहताना त्याचे पुरावे जागोजागी सापडतात.

2017 मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोठी मोहीम सुरू केली. सहा कोटी कुटुंबांतल्या प्रत्येकी एका व्यक्तीला वीस तासांचं प्रशिक्षण, ऑनलाइन परीक्षा आणि प्रमाणपत्र अशी तिची मांडणी होती. मार्च 2024 मध्ये ती संपली तेव्हा सहा कोटींहून अधिक लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद झाली. आकडा छोटा नाही आणि त्यामागच्या कष्टांना कमी लेखण्याचं कारण नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त 33 टक्के महिलांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं आढळलं. पुरुषांत हे प्रमाण 57 टक्के होतं. नंदुरबारमध्ये 2011 च्या जनगणनेनुसार स्त्रीसाक्षरताच जेमतेम 56 टक्के होती. इथली बाई घरात मावची किंवा भिली बोलते, बाजारात अहिराणी किंवा गुजराती, आणि ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ ही सूचना तिच्या फोनवर बहुतेक वेळा इंग्रजीत येते. ज्या भाषेतला इशारा कळतच नाही, तो दिला तरी दिल्यासारखा नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बाईकडे स्वतःचा फोनच नसेल तर सुरक्षितता कसली शिकवायची? आधी फोन येऊ द्या. पण धोका फोनची वाट पाहत नाही. गावातल्या बँक मित्राच्या छोट्या मशीनवर पैसे काढायला फोन लागत नाही, आधार क्रमांक आणि बोट पुरतं. तण काढून, लाकूडफाटा वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा खरोखरच पुष्कळदा लागत नाही. नेमका याचाच फायदा घेता येतो. पहिल्या ठशालाच पैसे निघालेले असतात, तरी ‘लागला नाही बाई, परत ठेव’ म्हटलं की ती मुकाट्याने पुन्हा बोट ठेवते, कारण तसं याआधी दहादा खरंच झालेलं असतं. प्रत्येक ठशानंतर पावती मागायची, ठसा फसला तरी फसल्याची पावती मागायची, पासबुक भरून घ्यायचं, आधारचा ठसा लॉक करता येतो हे माहीत असायचं. एवढं शिकवायला स्मार्टफोन लागत नाही.

दुसरा पुरावा याहून भयानक आहे. 1 जुलै 2018, रविवार. नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ही माणसं होती. त्या महिन्यांत अशाच अफवांसोबत व्हॉट्सॲपवरून देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मूळ चित्रफितीत मोटारसायकलस्वार उचललेलं मूल परत आणतात आणि फलक दाखवतात. ते शेवटचे क्षण कापून उरलेलं पुढे ढकललं गेलं. राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली. इथे दुसरा आक्षेप येतो: अफवा रोखण्याचं काम कंपनीचं आणि पोलिसांचं नाही का, बायकांवर कशाला टाकायचं? त्यांची जबाबदारी कमी होत नाही, हे मान्यच. पण मर्यादेने संदेशाचा वेग कमी होतो, संदेश खरा ठरवण्याची घाई कमी होत नाही. आणि मुलांच्या जिवावर बेतणारी अफवा आईच्या काळजालाच हात घालते. शिवाय सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याची, गावाबाहेर काढण्याची प्रकरणं जुनी आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यालाही लागू होतो. नवापूर काही रणभूमी नाही, पण जिथे अविश्वास आधीच मुरलेला असतो तिथे अफवेला बळी लागतो आणि तो पुष्कळदा बाईचा असतो. मणिपुरात 2023 च्या हिंसाचारात, दिल्लीतल्या एका खून झालेल्या तरुणीचा जुना फोटो तिथल्या पीडितेचा म्हणून फिरवला गेला, हे आपण पाहिलंच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. धोकेच शिकवले तर बाई घाबरेल आणि घरचे लोक ‘बघ, फोन वाईटच’ म्हणून तो काढून घेतील. हे घडतं. म्हणूनच भीती दाखवणं आणि सुरक्षित वापर शिकवणं यांत फरक करायला हवा. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट संकेतस्थळंही आली. घाबरलेली बाई अशा वेळी मिळेल त्याच्या हाती आधार आणि ओटीपी देऊन मोकळी होते. जिला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर गेलेले पैसे वाटेत अडवता येतात हे ठाऊक आहे, ती फोन टाकून देत नाही. याच ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली होती. घरातल्या पुरुषाला वगळून बाईची डिजिटल सुरक्षितता उभी राहत नाही, हे त्यातून दिसलं. तेव्हा प्रशिक्षणाची निदान एक बैठक नवरा-बायकोची एकत्र हवी.

ही बैठक कुठे घ्यायची, हे शोधत बसायला नको. ‘उमेद’ अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचतगट गावोगाव आहेत, हिशोबाची वही तिथे आधीच उघडली जाते. त्याच वहीशेजारी मशीनची पावती ठेवून मावचीत बोलणारी बाई शिकवू शकते. फक्त वेळ साधायला हवी. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबं गुजरातेत निघतात, फोनही त्यांच्याबरोबर जातो, आणि मग तिकडच्या मुक्कामावर ‘ठसा लागला नाही’ म्हणणारा माणूस अनोळखी असतो.